सुरुंग आणि भुयार

महाभारतातील जतुगृहपर्व मुळातून वाचताना मराठी विद्यार्थी एका शब्दापाशी किंचित अडखळतो. तो शब्द म्हणजे 'सुरुंगा'. वारणावतातील लाखेच्या घरातून पांडव आईसह ज्या वाटेने निसटले, ती जमिनीखालची वाट म्हणजे सुरुंगा. विदुराने धाडलेल्या खनकाने ती घराच्या आतूनच खणली, तिचे तोंड जमिनीच्या पातळीत ठेवले आणि कवाडाने झाकून टाकले. मराठीत मात्र 'सुरुंग' म्हटले की डोळ्यांपुढे वाट उभी राहत नाही, स्फोट उभा राहतो. आपण सुरुंग लावतो, पेरतो, उडवतो. कोणाच्या बेतालाही सुरुंग लावतो. सुटकेच्या वाटेसाठी आपल्याला 'भुयार' हा निराळा शब्द घ्यावा लागतो. हिंदीने जुना अर्थ बराचसा राखला आहे. तिथे आगगाडी सुरंगेतून जाते आणि कोणी दचकत नाही.

काही अभ्यासकांनी ह्या शब्दाचे मूळ नळी, बासरी अशा अर्थाच्या 'सिरिंक्स' ह्या ग्रीक शब्दात शोधले आहे. ते खरे मानले, तर एक पोकळ नळी ग्रीकांकडून संस्कृतात येऊन सुटकेची वाट झाली आणि मराठीत पोचेपर्यंत तिच्यात दारू ठासली गेली, असे म्हणावे लागेल. हा निव्वळ शब्दांचा खेळ नव्हे. स्फोटासाठी खणलेली पोकळी आणि स्फोटापासून वाचण्यासाठी खणलेली पोकळी ह्यांचे नाते विसाव्या शतकाने इतके घट्ट केले की, एकीचे शास्त्र दुसरीवाचून लिहिताच येत नाही. प्रस्तुत लेखात त्या नात्याचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न आहे. त्यात एक प्रश्न आरंभापासून दडलेला आहे. भुयारात कोण जाते आणि वर कोण उरते, हा तो प्रश्न. त्याच्याकडे शेवटी वळू.

शब्दाचा अर्थ पालटला तो वेढ्यांच्या युद्धात. १६६० साली शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने भर पावसाळ्यात सुमारे पावणेदोन महिने तो भुईकोट झुंजवला. तोफांनी जे साधले नाही, ते अखेर भुयाराने साधले. मोगलांनी जमिनीखालून एका बुरुजापर्यंत भुयार नेले, त्यात दारू भरली आणि बुरूज माणसांसकट उडवला. खणणे आणि उडवणे ही इथे एकाच कामाची दोन टोके होती. अशा स्थितीत कामाचे नाव पहिल्या टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकले, ह्यात नवल नाही.

हेच तंत्र पहिल्या महायुद्धात अवाढव्य प्रमाणावर वापरले गेले. ७ जून १९१७ रोजी पहाटे बेल्जियममधील मेसीनच्या टेकाडाखाली ब्रिटिशांनी १९ सुरुंग जवळजवळ एकाच वेळी उडवले. ते पेरण्याचे काम त्याआधी वर्षाहून अधिक काळ चालू होते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने स्फोटापेक्षा त्याआधीची शांतता अधिक महत्त्वाची आहे. दोन्ही बाजूंचे खणणारे जमिनीखाली समोरासमोर होते आणि परस्परांच्या कुदळीचा आवाज ऐकत होते. त्यासाठी 'जिओफोन' नावाचे साधे उपकरण वापरात आले. जमिनीवर ठेवलेल्या दोन चकत्यांपासून नळ्या निघत आणि डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपप्रमाणे त्या कानांत घातल्या जात. आवाज कोणत्या दिशेने येतो, हे ऐकणारा त्यावरून ठरवी. शत्रू खणत असेल तोवर तितकीशी भीती नसे. खणणे थांबले की भीती वाटे, कारण मग दारू भरण्याचे काम सुरू झालेले असे. जमीन आवाज वाहून नेते, आपलाही आणि शत्रूचाही, हा पुढच्या सगळ्या इतिहासाचा पहिला धडा तिथे गिरवला गेला. त्या टेकाडाखाली न उडता राहून गेलेल्या सुरुंगांपैकी एक १९५५ साली वादळात वीज पडून उडाला. युद्ध संपून तोवर सदतीस वर्षे झाली होती.

दुसऱ्या महायुद्धात भूकंप हेच अस्त्र करण्याची कल्पना पुढे आली. बार्न्स वॉलिस ह्या ब्रिटिश अभियंत्याचे म्हणणे असे होते की, भक्कम वास्तूवर बॉम्ब टाकण्याऐवजी तिच्या शेजारी जमिनीत खोलवर घुसवून फोडावा. हवेत विरून जाणारी शक्ती मग मातीत कोंडली जाते आणि पायाच हलतो. ह्या कल्पनेतून सुमारे साडेपाच टनांचा 'टॉलबॉय' आणि पुढे दहा टनांचा 'ग्रँड स्लॅम' हे बॉम्ब जन्मले. जून १९४४ मध्ये फ्रान्समधील सोम्यूर येथे एका टॉलबॉयने डोंगर भेदून त्याखालचा रेल्वेचा बोगदा फोडला. विझेर्न येथे जर्मनांनी चुनखडीच्या टेकडीवर काँक्रीटचा पाच मीटर जाडीचा घुमट बांधून त्याखाली व्ही-२ अग्निबाणांसाठी भुयारे खणली होती. घुमट अखेरपर्यंत अभेद्य राहिला. परंतु भोवतालची टेकडीच खचली आणि ती जागा जर्मनांना सोडून द्यावी लागली. कवच टिकले, पण ज्यावर ते उभे होते ती भूमी टिकली नाही. जमिनीखाली आसरा शोधणाऱ्या प्रत्येकाला पुढे ह्याच गोष्टीशी झगडावे लागले.

हा झगडा समजून घेण्यासाठी खडकात नेमके काय घडते, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. स्फोट झाला की त्याच्या अगदी जवळचा खडक वितळतो, त्यापलीकडचा चुरा होतो, त्यापलीकडचा तडकतो. त्याहून दूर दाबाची एक लहर तेवढी जाते. ग्रॅनाइटमध्ये तिचा वेग सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास असतो. सलग खडक ही लहर निमूटपणे पुढे पाठवतो, कारण दाब सोसण्यात खडक मोठा खंबीर असतो. ताण मात्र त्याला सोसवत नाही. त्या बाबतीत त्याचे बळ दाबाच्या तुलनेत एक-दशांशाहूनही कमी भरते. आता ह्या लहरीच्या वाटेत एखादी पोकळी आली, समजा माणसाने राहण्यासाठी खणलेले एखादे दालन आले, तर लहरीला पुढे जायला खडक उरत नाही. ती मागे फिरते आणि फिरताना दाबाचा ताण होतो. दालनाच्या भिंतीवरचे आणि छतावरचे थर सुटून आत उडतात. तात्पर्य, डोंगर जिथे भरीव आहे तिथे तो सुरक्षित असतो आणि जिथे माणसासाठी जागा केली आहे नेमका तिथेच फुटतो. आसरा म्हणून जी पोकळी आपण निर्माण करतो, तीच त्या डोंगराचे मर्मस्थान ठरते.

महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी युटा राज्यातील वालुकाश्मात बोगदे खणून त्यांच्याजवळ टीएनटीचे मोठमोठे साठे उडवले आणि हानीचे चार पट्टे आखले. पहिल्या पट्ट्यात बोगदा पुरता बुजतो, दुसऱ्यात सर्वत्र ढासळतो, तिसऱ्यात काही ठिकाणी ढासळतो आणि चौथ्यात सैल दगड तेवढे निखळतात. भूमिगत वास्तूंच्या रचनेचे आधुनिक शास्त्र अशा प्रयोगांतून आकाराला आले. ह्या शास्त्रातला प्रत्येक आकडा स्फोटातून मिळालेला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आसरा किती खोल असावा ते सांगण्याचे काम बॉम्बच करत होता.

अणुबॉम्ब प्रथमच पूर्णपणे जमिनीखाली फोडला गेला तो १९ सप्टेंबर १९५७ रोजी, अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात. ह्या चाचणीचे नाव 'रेनियर'. तिची शक्ती १.७ किलोटन, म्हणजे १,७०० टन टीएनटीइतकी होती. किरणोत्सर्गी द्रव्य डोंगराच्या पोटात अडकून राहिले आणि चाचण्या भूमिगत करता येतात हे सिद्ध झाले. पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहिला. त्या काळी अणुचाचण्या बंद करण्याच्या वाटाघाटींची चर्चा चालू होती आणि चाचणी जमिनीखाली लपवता येत असेल, तर बंदीचा करार पाळला जातो आहे हे ओळखायचे कसे? मार्च १९५८ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने जाहीर केले की, रेनियरचा हादरा फार तर २५० मैलांपर्यंत, म्हणजे ४०० किलोमीटरपर्यंत नोंदला गेला. ह्याचा अर्थ, करार झाला तरी त्याच्यावर देखरेख ठेवणे अशक्य.

हे विधान खोडून काढले ते आय. एफ. स्टोन ह्या पत्रकाराने. तो स्वतःचे चार पानी साप्ताहिक जवळजवळ एकट्याने चालवीत असे. वाचन हेच त्याचे साधन होते. चाचणीच्या दुसऱ्या दिवशीच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मुख्य बातमीच्या शेपटाला टोरांटो, रोम, टोकियो इथून आलेल्या दोन-दोन ओळींच्या तारा त्याने वाचल्या होत्या. तिथे हादरा नोंदला गेल्याचे त्यांत म्हटले होते. आयोगाचे निवेदन आल्यावर त्याला त्या ओळींची आठवण झाली. तो उठून सरकारच्याच किनारा व भूमापन विभागातील भूकंपशास्त्रज्ञांकडे गेला. त्यांनी त्याला नोंदींची यादी दाखवली. अमेरिका आणि कॅनडातील १९ केंद्रांनी रेनियर ऐकला होता आणि त्यांतले अलास्कातील केंद्र साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर होते. आयोगाला आपले निवेदन दुरुस्त करावे लागले. साहित्याच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग आवर्जून ध्यानात ठेवावा. राजसत्तेचे एक असत्य इथे कोणत्याही गुप्त कागदपत्राविना, केवळ छापील मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या एका माणसाने उघडे पाडले. दुसरा साक्षीदार होती प्रत्यक्ष भूमी.

परंतु वाद एवढ्यावर संपला नाही. १९५८ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा येथे पूर्व-पश्चिमेच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून पावणेदोनशेच्या आसपास निरीक्षण केंद्रांचे जाळे सुचवले. पुढच्याच वर्षी रँड ह्या संस्थेतील आल्बर्ट लॅटर ह्या पदार्थवैज्ञानिकाने प्रतिवाद मांडला. बॉम्ब खडकाला चिकटून न फोडता एखाद्या प्रचंड पोकळीच्या मध्यभागी फोडला, तर खडकापर्यंत पोचणारा दाब फार कमी होईल. त्याचा भूकंप कदाचित ३०० पट लहान दिसेल. म्हणजे पोकळीने स्फोटाला मुका करता येईल. करार नको असणाऱ्यांच्या हाती हे मोठेच हत्यार आले. १९६३ साली जो करार झाला त्याने हवेतल्या, पाण्यातल्या आणि अंतराळातल्या चाचण्या थांबवल्या, पण जमिनीखालच्या तशाच राहू दिल्या. देखरेखीच्या अडचणी हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

लॅटरच्या तर्काची परीक्षा मिसिसिपी राज्यातील मिठाच्या एका भूमिगत घुमटात झाली. २२ ऑक्टोबर १९६४ रोजी तिथे 'सॅमन' ही ५.३ किलोटनांची चाचणी सुमारे ८२८ मीटर खोलीवर घेतली गेली आणि तिने मिठात एक पोकळी कोरली. त्याच पोकळीत ३ डिसेंबर १९६६ रोजी 'स्टर्लिंग' हा ०.३८ किलोटनांचा लहान बॉम्ब उडवण्यात आला. हादरा अपेक्षेहून सुमारे सत्तर पट कमी भरला. लॅटरचे तत्त्व खरे ठरले, आकडा मात्र अतिशयोक्त निघाला. ह्या प्रयोगाची एक मानवी बाजूही आहे. सॅमनच्या दिवशी भोवतालच्या वस्तीला घरे सोडायला सांगितले गेले आणि गैरसोयीपोटी मोठ्या माणसाला दहा डॉलर, मुलाला पाच डॉलर असे देण्यात आले. जमीन लाटेसारखी हलली, ओढ्यांचे पाणी गाळाने काळे झाले. आठवडाभरात नुकसानभरपाईचे चारशेहून अधिक अर्ज आले. त्या लोकांना कोणी भुयार दिलेले नव्हते.

इथे ह्या सगळ्या शास्त्रातला अंतर्विरोध स्पष्ट दिसतो. बॉम्बभोवती पोकळी असली की तो मूक होतो आणि माणसाभोवती पोकळी असली की तो दुर्बळ होतो. खडकाचा नियम दोहोंकडे एकच आहे. बॉम्ब लपवणारा आणि बॉम्बपासून लपणारा असे दोघेही एकाच गणिताचे विद्यार्थी होते. पुष्कळदा ते एकाच सरकारचे नोकरही होते.

लपणाऱ्यांसाठीच्या चाचण्या नेवाडातच, पण ग्रॅनाइटमध्ये झाल्या. १५ फेब्रुवारी १९६२ ची 'हार्ड हॅट' आणि २ जून १९६६ ची ६२ किलोटनांची 'पाइल ड्रायव्हर' ह्या त्यांतल्या दोन प्रमुख. स्फोटाच्या जागेपासून निरनिराळ्या अंतरांवर बोगदे खणले गेले आणि त्यांना तऱ्हेतऱ्हेची अस्तरे दिली गेली. कुठे नुसते खिळे ठोकून खडक आवळला, कुठे पोलाद, कुठे काँक्रीट, तर कुठे अस्तर आणि खडक ह्यांच्यामध्ये दबणाऱ्या हलक्या पदार्थाचा थर भरला. नुसती ताठ भिंत टिकाव धरत नाही, तिच्यामागे दबणारे, हार मानणारे काहीतरी असावे लागते, असा ह्या शेवटच्या रचनेमागचा विचार होता. खडक सलग नसतो, त्याला सांधे असतात आणि हादऱ्यात हे सांधे सरकतात, हेही तिथे पाहायला मिळाले.

ह्या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध मूर्तरूप म्हणजे कोलोरॅडोतील शायेन पर्वताखालचे हवाई संरक्षणाचे ठाणे. त्याचे खोदकाम मे १९६१ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये ते कार्यरत झाले. सुमारे सहाशे मीटर ग्रॅनाइटखाली पोलादाच्या पंधरा इमारती उभ्या केल्या गेल्या. त्या खडकाला कुठेही टेकलेल्या नाहीत. १,३१९ प्रचंड स्प्रिंगांवर त्या तोललेल्या आहेत आणि एकेका स्प्रिंगेचे वजन साडेचारशे किलोच्या घरात आहे. नळ आणि तारा लवचीक जोडांनी आणल्या आहेत. दारे पंचवीस टनांची. खणताना एका ठिकाणी छतातील खडक कमकुवत निघाला, तेव्हा तिथे काँक्रीटचा घुमट बांधून डोंगरालाच आधार द्यावा लागला. माणसे डोंगरात आश्रयाला गेली खरी, परंतु त्यांच्या घरांना डोंगराचा स्पर्श होऊ द्यायचा नव्हता. ज्याचा आश्रय घ्यायचा त्याच्यापासूनच अलिप्त राहायचे, अशी ही विलक्षण वास्तू.

आणि ती पूर्ण होत असतानाच कालबाह्य होऊ लागली होती. बॉम्ब डोंगरापासून काही अंतरावर पडेल, ह्या अंदाजावर अशा रचनेचा सगळा हिशेब होता. क्षेपणास्त्रांचा नेम सुधारला तसा तो हिशेब ढासळला. नोव्हेंबर १९६३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांपुढे वॉशिंग्टनखाली साडेतीन हजार फूट, म्हणजे सुमारे १,०७० मीटर खोलीवर आज्ञाकेंद्र बांधण्याची योजना होती. ते केंद्र कधीच बांधले गेले नाही. बॉम्ब मोठा करणे हे भुयार खोल करण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते. शायेन पर्वत आजही पर्यायी ठाणे म्हणून राखलेला आहे, पण तिथले दैनंदिन काम हलवण्याचा निर्णय २००६ मध्ये जाहीर झाला.

स्फोटाच्या बाजूने ह्या स्पर्धेचे टोक म्हणजे ६ नोव्हेंबर १९७१ रोजी अलास्काच्या अमचिट्का बेटाखाली झालेली 'कॅनिकिन' ही चाचणी. जवळजवळ पाच मेगाटन शक्ती, खोली पावणेदोन किलोमीटरहून अधिक. तिने भूकंप होईल, त्सुनामी येईल अशी भीती होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि चार विरुद्ध तीन मतांनी परवानगी मिळाली. आयोगाचे अध्यक्ष जेम्स श्लेसिंजर धोका नाही हे दाखवण्यासाठी पत्नी आणि मुलींना घेऊन बेटावर जाऊन राहिले. मोठा भूकंप आला नाही. परंतु स्फोटावरची जमीन सहा मीटर उचलली गेली आणि मग खचून तिथे तळे झाले. ते तळे आजही त्या चाचणीच्याच नावाने ओळखले जाते.

आता ह्या कथेची दुसरी बाजू. चाचण्या ऐकता याव्यात म्हणून अमेरिकेने १९६० च्या दशकात जगभर एकाच नमुन्याची भूकंपमापक यंत्रे बसवली. सुमारे १२० केंद्रांच्या ह्या जाळ्यात भारतातील दिल्ली, शिलाँग, कोडाईकनाल आणि आपले पुणे ही केंद्रे होती. यंत्रांना बॉम्ब आणि भूकंप ह्यांत भेद करायचा होता. स्फोट सर्व दिशांना बाहेर ढकलतो. त्यामुळे त्याची पहिली हालचाल सर्व केंद्रांवर वरच्या दिशेने उमटते. भूकंपात मात्र खडकाचे दोन भाग एकमेकांना घासून सरकतात आणि म्हणून कुठे ढकलल्याची, कुठे ओढल्याची खूण मिळते. हा भेद करता करता शास्त्रज्ञांच्या हाती पृथ्वीच्या सगळ्या भूकंपांचा अचूक नकाशा आला. लिन साइक्स ह्यांनी १९६७ मध्ये ह्याच नोंदींच्या आधारे समुद्रतळाच्या हालचालींचा छडा लावला आणि भूपट्टांच्या सिद्धान्ताला भक्कम पुरावा मिळाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले. त्या भूकंपाच्या पुढील अभ्यासातही ह्या जाळ्यातील नोंदी कामी आल्या. शत्रूचा बॉम्ब ऐकण्यासाठी लावलेल्या कानांना अखेर पृथ्वीचे स्वतःचे बोलणे ऐकू आले. हेतू क्षुद्र असला तरी नीट ऐकणे वाया जात नाही.

करारांनाही ह्या ऐकण्याने हळूहळू बळ दिले. १९८६ मध्ये अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञांनी सोव्हिएत भूमीवर आपली यंत्रे मांडली. १९८८ मध्ये दोन्ही राष्ट्रांनी एकमेकांच्या चाचण्या एकमेकांच्या मैदानावर मोजल्या. १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी कराराने भूकंपमापनाची १७० केंद्रे ठरवली. अडतीस वर्षांपूर्वी जिनिव्हात सुचवलेली संख्याही जवळपास एवढीच होती. भारताने ह्या करारावर सही केलेली नाही आणि तो अद्याप अंमलातही आलेला नाही. पण त्याचे कान उघडे आहेत. ३ सप्टेंबर २०१७ रोजी उत्तर कोरियाने आपल्या डोंगराखाली स्फोट केला, तेव्हा जगाने स्फोट तर ऐकलाच, शिवाय सुमारे साडेआठ मिनिटांनी आत काही ढासळल्याचेही ऐकले.

भारताच्या बाबतीत हा इतिहास पोखरणला येऊन भिडतो. ११ मे १९९८ रोजी तिथे तीन स्फोट एकाच वेळी झाले. त्यांची शक्ती मर्यादित का ठेवली, ह्याचे आपल्या शास्त्रज्ञांनी दिलेले एक कारण म्हणजे जवळचे खेतोलाई गाव. हादऱ्याने तिथली घरे पडू नयेत, असा हिशेब करावा लागला. पुढे त्या स्फोटांची शक्ती नेमकी किती, ह्यावर दीर्घ वाद झाला. परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी कमी आकडे काढले, आपल्या अणुशास्त्रज्ञांनी ते नाकारले. २००९ मध्ये चाचण्यांत सहभागी असलेल्या के. संथानम ह्यांनी स्वतःच शंका उपस्थित केली. लहर एकच, नोंद एकच, पण वाचने दोन. खडकाचा प्रकार, खोली आणि स्फोटांमधील अंतर काय धरावे, ह्यावर अर्थ बदलतो. संहितेच्या अर्थनिर्णयाचे वाद ज्यांनी वर्गात शिकवले आहेत, त्यांना ह्यात अपरिचित असे काहीच वाटू नये.

सुरुंग आणि भुयार ह्यांची शर्यत अजून संपलेली नाही. जमिनीत घुसून फुटणारे अण्वस्त्र किती उपयोगी, ह्याचा अभ्यास अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २००५ मध्ये प्रसिद्ध केला. काही मीटर आत फुटलेला बॉम्ब खडकाला जो हादरा देतो, तो पृष्ठभागावर द्यायचा तर पंधरा ते पंचवीस पट शक्ती लागते, असे त्यात म्हटले होते. मात्र इतक्या खोलीवर किरणोत्सर्ग कोंडला जात नाही आणि वरच्या माणसांची हानी टळत नाही, हेही त्यातच होते. वॉलिसची कल्पना पुन्हा दिसली ती २२ जून २०२५ रोजी. त्या दिवशी अमेरिकेने इराणमधील फोर्दो आणि नतांझ येथील भूमिगत केंद्रांवर प्रत्येकी साडेतेरा टनांहून अधिक वजनाचे चौदा बॉम्ब टाकले. आत किती नुकसान झाले, ह्यावर लगेच वाद सुरू झाला. जमिनीखाली काय घडले हे वरून वाचण्याचा आपला जुनाच प्रश्न पुन्हा समोर आला.

ह्या सगळ्या काळात वर कोण होते? १९९२ पर्यंत नेवाडात ८२८ भूमिगत चाचण्या झाल्या. ज्या भूमीवर त्या झाल्या, तिच्यावर पश्चिम शोशोनी लोक १८६३ च्या तहानुसार आपला हक्क सांगतात. मिसिसिपीतील शेतकरी वर होते, खेतोलाईचे गावकरी वर होते. खासदारांसाठी वेस्ट व्हर्जिनियातील एका हॉटेलखाली बांधलेल्या आसऱ्यात अकराशे माणसांची सोय होती आणि तो १९९२ मध्ये वृत्तपत्राने उघड करेपर्यंत इतरांना ठाऊकही नव्हता. भुयाराचे दार जितके जड, तितकी आत जाणाऱ्यांची यादी आखूड, असा जणू नियमच दिसतो.

म्हणूनच पुन्हा वारणावताकडे वळावे लागते. आग लावण्याच्या रात्री कुंतीने भोजन घातले. त्याला एक निषादी आपल्या पाच मुलांसह आली, खाऊन-पिऊन तिथेच निजली. भीमाने आग लावली, पांडव सुरुंगेने निसटले. सकाळी लोकांना सहा देह मिळाले आणि कौरवांची खात्री पटली. राख उपसताना खनकाने भुयाराचे तोंड मातीने बुजवून टाकले, कोणाला दिसू नये म्हणून. महाकाव्याने तिला नाव दिले नाही. महाश्वेता देवींनी आपल्या कथेत कुंतीला तिच्या माणसांसमोर उभे केले, त्याला फार शतके जावी लागली.

आपण भुयाराची कथा नेहमी निसटलेल्यांच्या बाजूने वाचत आलो. लाक्षागृहाच्या त्या रात्रीचे भुयार निर्दोष होते, असे आपल्याला वाटत आले, कारण त्यात दारू नव्हती. पण एकाच्या सुटकेसाठी दुसऱ्याला वर ठेवावे लागते, तेव्हा त्या वाटेत सुरुंग आधीच पेरलेला असतो. मराठीने ह्या शब्दाचा अर्थ बदलला, असे आरंभी म्हटले. आता वाटते, बदलला नसावा. जुन्या अर्थातच जे दडलेले होते, ते तिने उघड्यावर आणले इतकेच.